शिरवण्याची वेलांटी

अमिताला कॉम्प्युटरमधलं कुणी काही विचारलं की तिची कळी खुलायची. पण स्वतः कुणाला विचारायची वेळ आली की जिवावर यायचं. नेरूळच्या एका क्लासमध्ये ती सहा वर्षं मुलांना कॉम्प्युटर शिकवत होती. क्लासचा प्रिंटर अडला, बाजूच्या डॉक्टरांचा स्क्रीन काळा पडला, सोसायटीच्या सेक्रेटरीला पासवर्ड आठवेना, की सगळे 'मॅडम, जरा बघता का' करत तिच्याकडेच यायचे. अशा माणसाला 'मला येत नाहीये' हे तीन शब्द लिहायला किती त्रास होतो, ते त्यालाच ठाऊक.

माहेर तिचं खांदेश्वरला. वडील कराडकडून नोकरीला आलेले आणि फ्लॅट घेऊन इथलेच झालेले. लग्न करून ती आली शिरवणे गावात, प्रितेशच्या घरी. प्रितेशची आई, म्हणजे तिची सासू चंद्राबाई, करंजा या कोळी गावातली. पस्तीस वर्षं नेरूळच्या बाजारात सुकी मासळी विकत बसलेली, आणि गावातल्या अकरा बायकांच्या एकविरा महिला गटाची पुढारीण. चंद्राबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिच्यासमोर कुणी वजनात पाच ग्रॅम इकडेतिकडे करू शकत नसे.

त्या जानेवारीत गटाला वाशीच्या एका प्रदर्शनात स्टॉल मिळाला. अट एकच. प्रत्येक पाकिटावर मराठीत छापील लेबल हवं. मालाचं नाव, वजन, तारीख, गटाचं नाव, गाव. आतापर्यंत पाकिटावर प्रितेश स्केचपेनने 'बोंबील, शिरवणे' एवढंच लिहायचा आणि काम भागायचं.

"लेबलांचं माझ्याकडे सोडा, आई," अमिता म्हणाली. "दोन दिवसांचं काम. टेन्शनच घेऊ नका."

तिने लेबलीन नावाचं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकटचं. जगभरातली पाचपन्नास माणसं आपापली नोकरी सांभाळून हौसेने ते चालवत होती. स्क्रीनवर लेबल असं झक्क दिसलं की चंद्राबाईने शेजारच्या अरुणाला हाक मारून दाखवलं. मग अमिताने छापायचं बटण दाबलं आणि पहिलं लेबल बाहेर आलं. त्यावर गावाचं नाव होतं 'शरिवणे'.

"हे कुठलं गाव?" प्रितेश वाकून म्हणाला. "पनवेलच्या पुढे येतं का?"

दुसऱ्या लेबलावर तिखट जवळ्याचा 'तखिट जवळा' झाला होता. महिलांची तर पार वाट लागली होती. आणि एकविरा आईच्या नावातली वेलांटी उडी मारून भलत्याच अक्षराला जाऊन चिकटली होती.

"देवीचा नाव मोडला," चंद्राबाई म्हणाली. "असा नाय चालनार गो."

अमिताने फॉन्ट बदलला, प्रिंटर बदलला, क्लासमधून दुसरा लॅपटॉप आणला. गावाचं नाव काही सरळ होईना. चार दिवस असे गेले. शेवटी लेबलीनच्या वेबसाइटवर तिला मेलिंग लिस्ट सापडली. एका पत्त्यावर मेल टाकायचा, तो सगळ्या सभासदांना जातो, आणि ज्याला ठाऊक असेल तो उत्तर देतो. सभासद होताना एक पान समोर आलं, 'प्रश्न विचारण्याआधी हे वाचा'. खाली चौकोन होता, 'मी वाचलं आहे'. अमिताने चौकोनात टिक केली. क्लासची मुलं हे असंच करायची आणि ती त्यांना रोज बोलायची.

दोन बॅचच्या मध्ये, वडापाव एका हातात धरून तिने मेल लिहिला. विषयाच्या जागी, 'अर्जंट!!! प्लीज हेल्प सर!!!' आणि खाली इंग्रजीत तीन ओळी. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अजिबात चालत नाही, सगळं चुकीचं येतं, आमचं प्रदर्शन जवळ आलंय, ताबडतोब उत्तर द्या. नवा मेल कुठून सुरू करायचा ते पटकन दिसेना, म्हणून कुणीतरी बारकोडबद्दल विचारलं होतं त्यालाच रिप्लाय करून तिने हे पाठवलं. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. तिने तोच मेल पुन्हा पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकदा.

दुपारी उत्तर आलं. नॉर्वेमधल्या एस्पेन नावाच्या माणसाचं. लेबलीनचा छपाईचा भाग तोच सांभाळायचा.

'नमस्कार अमिता. काय छापून यायला हवं होतं? त्याऐवजी काय आलं? लेबलीनची आवृत्ती कोणती, संगणक कोणता? आमच्यापैकी कुणाला मराठी वाचता येत नाही. कृपया नवीन विषय सुरू करा, हा धागा बारकोडचा आहे. एकदा पाठवलेला मेल पोचतो. एस्पेन.'

बस. 'कळवायला आनंद होतो' नाही, 'काळजी करू नका' नाही.

अमिताच्या कानशिलांतून वाफ निघाली. "मला विचारतोय, काय यायला हवं होतं! अरे, मराठी यायला हवं होतं!" क्लासच्या रिकाम्या खोलीत ती मोठ्याने म्हणाली. आणि त्याच तिरमिरीत तिने उत्तर ठोकलं. मदत करायची नसेल तर तसं स्पष्ट सांगा, मी स्वतः कॉम्प्युटरची शिक्षिका आहे, मला आवृत्ती वगैरे शिकवू नका, तुमच्या लोकांना आमच्या भाषेची किंमतच नाही.

पाठवलं आणि तिला हलकं वाटलं. साधारण एक मिनिट. मग तिच्या इनबॉक्समध्ये मेल यायला लागले. 'मी सोमवारपर्यंत रजेवर आहे.' 'मी सध्या कार्यालयात नाही.' फिनलंड, कॅनडा, कुठून कुठून. तिचा राग लिस्टच्या नऊशे सभासदांच्या घरी पोचला होता आणि त्यातल्या सहा-सात जणांच्या मशीनने त्याची पोच दिली होती. शिवाय लिस्टवरचं सगळं वेबसाइटवर कायमचं राहतं, हेही तिला तेव्हाच दिसलं.

घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही. फक्त भात वाढताना भांडी जरा जास्त वाजली.

"काय झाला?" चंद्राबाईने विचारलं.

"काही नाही. त्या सॉफ्टवेअरवाल्यांना अक्कल नाहीये."

"बरा," चंद्राबाई म्हणाली आणि तिने कालवण पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. क्लास दुपारचा. सकाळी अमिता सासूला जवळ्याची पोतडी द्यायला बाजारात गेली. ती टेकवते न टेकवते तोच एक गृहस्थ तरातरा आले. शर्ट इस्त्रीचा, हातात रिकामी पिशवी. बाजूच्या सेक्टरमधले कमळाकरराव, गेली दोन-तीन वर्षं इथूनच नेणारे.

"मावशी, तुमचा माल एकदम बाद निघाला! सगळा फेकून द्यावा लागला."

अमिताला वाटलं, आता जुंपणार. चंद्राबाईचा आवाज सगळ्या बाजाराला ठाऊक होता. पण चंद्राबाईने पाट पुढे सरकवला.

"बसा. कंचा माल? बोंबील का सुकट?"

"सगळाच."

"सगला तुमी नेलाच कवा? गेल्या येलेला काय नेलात?"

कमळाकरराव थांबले. "बोंबील. आणि... नाही, बोंबीलच."

"कवा नेलात?"

"दिवाळीनंतर. पण ते काय विचारता मावशी? बाद म्हणजे बाद!"

"भाऊ, मी काय भांडायला नाय विचारत. विचारल्याबिगर मना कसा कलंल? ठेवलात कशात? काचेच्या बरनीत का ह्याच पिशवीत?"

पिशवीतच ठेवले होते. सिंकच्या खालच्या कपाटात, जिथे पाइप गळत होता. चंद्राबाईने मान डोलावली. बोंबलाला ओल लागली की तो टिकत नाही, डब्यात घाला, महिन्यातून एकदा उन्हात टाका, असं सांगितलं. कमळाकररावांनी नवे बोंबील घेतले, वर जवळा घेतला आणि जाताना "पाइपचं बघायलाच हवं" असं स्वतःशीच म्हणत गेले.

अमिता पोतडी धरून तशीच उभी होती.

"काय गो? भूत बघितलास?"

"आई," ती म्हणाली, "त्याने मला हेच विचारलं होतं."

"कोनी?"

मग बाजारातच, गिऱ्हाइकं सांभाळत सांभाळत, तिने सगळं सांगितलं. अर्जंट, तीनदा पाठवलेला मेल, बारकोडवाल्याच्या मध्ये घुसणं, आणि शेवटचं ते पत्र. चंद्राबाईने मेल म्हणजे काय ते विचारलं नाही. तिने एवढंच विचारलं, "ती मानसं पगार घेतान का?"

"नाही. फुकट करतात."

"मंग तू जरा जास्तीच बोललीस."

त्या दुपारी क्लासला जाण्याआधी अमिताने लिस्टवरचे स्वतःचे मेल दुसऱ्या कुणाचे असावेत तसे वाचून काढले. 'मराठी चालत नाही.' काय चालत नाही? टाइप होत नाही, दिसत नाही, की छापलं जात नाही? तिलाच सांगता येईना. हीच ओळ क्लासच्या एखाद्या पोराने लिहिली असती तर तिने वही परत केली असती. मग तिने ते 'आधी हे वाचा' पान उघडलं आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं. तीन मिनिटं लागली.

माफीचा मेल लिहायला मात्र पाऊण तास गेला. पहिल्या खर्ड्यात कारणंच कारणं होती. प्रदर्शन, थकवा, उत्तराला लागलेला उशीर. ती तिने एकेक करून काढून टाकली. राहिल्या दोन ओळी. 'कालचं माझं पत्र चुकीचं होतं. एस्पेननी योग्य प्रश्न विचारले होते, मी त्यांची नीट उत्तरं घेऊन नव्या विषयाखाली लिहीन.' तासाभराने एस्पेनचं उत्तर आलं, 'ठीक आहे. वाट बघतो.'

आता उत्तरं. आवृत्ती आणि संगणक सोपं होतं. पण 'काय यायला हवं होतं' हे देवनागरी न वाचणाऱ्या माणसाला सांगायचं कसं? रविवारी सकाळी तिने मालाची नावं आणि गावाचं नाव वेगवेगळ्या लेबलांवर छापून ती ओटीवर पसरली आणि डोकं धरून बसली. तिला दिसत होतं ते एवढंच, की सगळं चुकलंय.

चंद्राबाई चहा घेऊन आली. "सगला नाय चुकलेला," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

"आई, तुम्हाला कसं कळणार? तुम्हाला वाचता..." अमिताने जीभ चावली.

"वाचता नाय येत, पन दिसता तर." चंद्राबाई खाली बसली. प्रितेशने स्केचपेनने लिहिलेली जुनी पाकिटं तिने घरातून मागवली आणि प्रत्येक नव्या लेबलाशेजारी त्याच मालाचं जुनं पाकीट ठेवलं. मासळी निवडावी तशी ती निवडत गेली. हे बरं, हे बरं, हे बाद. पाच मिनिटांत दोन वाटे झाले. बोंबील, सुकट, करंदी एकीकडे. तिखट जवळा, मिरची-सुकट आणि गावाच्या नावाचं लेबल दुसरीकडे.

"हा बघ. प्रितेशचे हातचा हाय, त्यात ही टोपीवाली काठी पयल्या अक्षराचे डावीकडं उभी हाय. तुझे मशीनचे लेबलात तीच काठी उजवीकडं ग्येलीय. ह्यात पन तसाच. ह्यात पन. बाकीचा जिथल्या तिथं हाय."

अमिता लेबलांवर वाकली. बोंबीलमध्ये दीर्घ वेलांटी. ती लिहितानाही अक्षरानंतरच येते, म्हणून बोंबील बरोबर. ऱ्हस्व वेलांटी बोलताना अक्षरानंतर येते, पण लिहिताना अक्षराच्या आधी उभी राहते. मशीन ती बोलण्याच्या क्रमाने ठेवत होतं. तिला वाचता येत असल्यामुळे तिची नजर सरळ शब्दावर जात होती आणि काठीवरून घसरत होती.

"आई, ही वेलांटी आहे! ऱ्हस्व वेलांटी!"

"वलांडी?" चंद्राबाईच्या भुवया वर गेल्या. करंजाला बोंबील वाळत घालायला बांबू रोवून दोऱ्या बांधतात, त्या मांडवाला वलांडी म्हणतात. "कागदावं कशाला वलांडी?"

दोघींना एकमेकींचा शब्द समजेपर्यंत चहा गार झाला.

मग अमिताने मेल लिहिला. विषय, 'छपाईत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, स्क्रीनवर मात्र बरोबर'. आत आवृत्ती, संगणक, दोन प्रिंटर आणि दोन फॉन्ट वापरून पाहिल्याची नोंद. चार शब्द, दोन बरोबर येणारे आणि दोन चुकणारे. 'ही खूण उच्चारात अक्षरानंतर येते, पण कागदावर अक्षराच्या डावीकडे काढतात. छपाईत ती उजवीकडे जाते.' शेवटी एक ओळ, 'हा फरक माझ्या सासूबाई चंद्राबाईंनी ओळखला. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे त्यांनी फक्त आकार पाहिले.'

मेल परत आला. सोबत जोडलेला, फोनवरून काढलेला लेबलांचा फोटो इतका मोठा होता, की लिस्टने तो दारातूनच परतवला. अमिता हसली, फोटोतून नेमके दोन शब्द कापले आणि पुन्हा पाठवला.

सोमवारी सकाळी उत्तरं आली होती. एस्पेनने लिहिलं होतं, 'आता मला कळलं. माझ्या मशीनवरही तसंच होतंय. चूक आमचीच आहे, छपाईचा भाग अक्षरांचा क्रम बदलतच नाही. दुरुस्तीला दोन-तीन आठवडे लागतील. चंद्राबाईंना माझे आभार सांगा.'

दोन-तीन आठवडे. प्रदर्शन शुक्रवारी होतं. चार दिवसांपूर्वीच्या अमिताने यावर आणखी एक 'अर्जंट' ठोकला असता. आताच्या अमिताने लिहिलं, 'धन्यवाद. तोवर आमच्याकडे चार दिवस आहेत, काही तात्पुरता उपाय आहे का?' ब्राझीलमधल्या एका बाईंनी तासाभरात उपाय सांगितला. स्क्रीनवर बरोबर दिसतंय ना, मग लेबल चित्र म्हणून साठवा आणि ते चित्रच छापा. अमिताने ते करून पाहिलं. पहिल्या खेपेला अक्षरं धुरकट आली. तिने चित्र मोठ्या आकारात साठवलं, आणि 'शिरवणे' स्वच्छ, ठसठशीत, वेलांटीसकट बाहेर आलं. तिने लगेच लिस्टवर कळवलं, की उपाय चालला, फक्त चित्र मोठं ठेवावं लागतं.

मग मंगळवार ते गुरुवार अकरा बायका ओटीवर बसून लेबलं चिकटवत होत्या. अरुणा वाकडी लावायची आणि चंद्राबाई काढून पुन्हा लावायला सांगायची. प्रदर्शनात तिखट जवळा दुसऱ्याच दिवशी संपला. वाशीच्या एका बाईंनी पाकीट हातात घेऊन "अय्या, शिरवणे म्हणजे आपल्या नेरूळचं?" असं विचारलं, तेव्हा चंद्राबाईने "नेरूल आमचे शिरवन्याचा," असं ठणकावून सांगितलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर एस्पेनचा मेल आला. दुरुस्ती तयार होती, पण तपासायला आणखी शब्द हवे होते. ऱ्हस्व वेलांटी असलेले, शक्य तितके अवघड. अमिताने वीस शब्द दिले. पहिल्या खेपेला त्यातला 'स्थिती' बिघडला. तिने नेमकं काय आलं ते लिहून कळवलं, त्याने पुन्हा हात फिरवला, आणि मग वीसच्या वीस शब्द सरळ आले. जाताजाता त्याने विचारलं, की हे तुमच्या लेबलांवर सारखं येतं ते 'बोंबील' म्हणजे काय? अमिताने फोटो पाठवला, मांडवावर लटकणाऱ्या बोंबलांचा. उलट टपाली त्याचाही फोटो आला. बर्फाचे डोंगर, पुढे लाकडी मांडव, त्यावर रांगेने वाळत घातलेले भलेमोठे मासे. 'मी लहानपणी सुट्टीत हेच काम करायचो,' त्याने लिहिलं होतं.

नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यासोबतच्या पानावर आभाराची एक ओळ होती. अमिताने ती सासूला वाचून दाखवली. 'देवनागरी छपाईतली चूक शोधून दिल्याबद्दल अमिता आणि चंद्राबाई, शिरवणे, यांचे आभार.'

चंद्राबाई निवडत असलेली सुकट तशीच ठेवून बघत राहिली.

"माझा नाव कशाला घातलास तिथं? मी काय केला?"

"तुम्हीच तर केलंत."

"उगाच. लोकां काय बोलतील." तिने पदराला हात पुसले आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्यातला माझा कंचा?"

अमिताने दाखवलं. चंद्राबाईने ते बराच वेळ निरखलं, डावीकडून उजवीकडे, आणि सगळं जागच्या जागी आहे याची खात्री झाल्यावर मान हलवली. मग उठून आत गेली. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, बाजारातला, पूर्ण सोडलेला. करंजाच्या भावाला फोन लागला होता.

"जयदेवा, ऐकतोस का? अरं, नॉर्वे नावाचा गाव हाय. तिथं पन वलांडी हाय, लाकडाची! फोटू बघितला मी... आरं नाय, बोंबील नाय, मोठा मासा हाय. आनि त्या लोकांना आपली वेलांटी कलत नवती, कंची बाजूला घालायची ती. कोन म्हंजे? मीच दाखवली!"